निमुळत्या तोंडाचा ग्लास

सकाळी अकराला आमच्या प्रयोगशाळेत रम हुंगायची वेळ असायची. प्यायची नव्हे, हुंगायची. हा फरक मी जन्मभर लोकांना समजावत आलो आणि तो कुणालाही पटला नाही. शेजारीपाजारी डोळे मिचकावून म्हणायचे, "चैन आहे बुवा तुमची." चैन कसली डोंबलाची. अठ्ठावीस वर्षं मी सकाळी कांदा खाल्ला नाही, डोक्याला वासाचं तेल लावलं नाही, दाढीनंतर गालाला साध्या पाण्याशिवाय काही लागू दिलं नाही. गारखेड्यातल्या आमच्या घरात उदबत्ती पेटायची ती मी कंपनीच्या बसमध्ये चढल्यावर. लग्न झालं त्या वर्षी बायको मोगऱ्याचा गजरा माळून समोर आली, तर मी तिला म्हणालो होतो, उद्या मोठी तपासणी आहे, जरा लांब बस. ते ती अजून पाहुण्यांसमोर काढते.

वाळूजच्या बाजूला एका दारूच्या कारखान्यात मी नाकाची नोकरी केली. कामाचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण काम एवढंच. लाकडी पिंपात मुरलेली रम बाटलीत जाण्याआधी तिचा नमुना आमच्याकडं यायचा. त्यात मोजून पाणी घालून ती अर्ध्या ताकदीवर आणायची, कारण कडक दारू नाकाला बधिर करते. मग ती निमुळत्या तोंडाच्या ग्लासात ओतायची. खाली छोटी दांडी, वर पोट, आणि तोंडाशी पुन्हा आवळलेला असा तो ग्लास. आम्ही त्याला ट्यूलिप म्हणायचो. त्याच्यावर काचेची चकती झाकायची. असे तीन ग्लास मांडायचे, दोनांत जुना माल आणि एकात नवा, किंवा उलट. हुंगणाऱ्यानं त्यातला वेगळा कुठला ते ओळखायचं. याला आमच्यात तिकडी लावणं म्हणत. वेगळा ओळखता आला, म्हणजे नवा माल जुन्यासारखा नाही आणि तो परत जायचा. ओळखता आला नाही, तर मी सही करायचो. भले भले इंजिनिअर माझ्या सहीसाठी दारात ताटकळत उभे राहिलेत, आणि मी त्यांना मुद्दाम पाचेक मिनिटं जास्त उभं केलंय. खोटं कशाला बोलू.

हे सगळं अशासाठी सांगतो, की नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका पंचविशीच्या मुलीवर मी किती जळलो, ते सांगितल्याशिवाय मला या नोकरीबद्दल काहीच सांगता येत नाही.

ती पाचोडकडची. घरी मेंढरं. बाप वर्षातले कितीतरी महिने कळप घेऊन रानोमाळ फिरणारा. ही शहरात होस्टेलवर राहून रसायनशास्त्रात एमएस्सी झाली आणि आमच्याकडं शिकाऊ म्हणून लागली. दारूचा थेंब तिच्या ओठाला लागलेला नव्हता, आणि लागणारही नाही, असं तिनं मुलाखतीतच सांगून टाकलं होतं. हुंगेन, चाखणार नाय. मला हसू आलं होतं. म्हटलं, महिनाभरात जाईल.

पहिल्या आठवड्यात मी तिच्यासाठी तिकडी लावली, आणि मुद्दाम अवघड लावली. असा फरक ओळखायला मला तरुणपणी वर्ष लागलं होतं. आमचे मॅनेजरसाहेब तिथंच उभे होते. हे साहेब पुण्याचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मला काका म्हणायचे. मुलीनं एकेक ग्लास उचलला, नाकापासून वीतभर लांबच धरला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिनं डोळे मिटले नाहीत, कपाळाला आठ्या घातल्या नाहीत, आम्ही जे जे नखरे करतो त्यातलं काहीच केलं नाही. मग म्हणाली, "मधला."

"का?" मी विचारलं.

"मधल्याला भिजलेल्या घोंगड्याचा वास येतोय सर. बाकीचे दोन कोरडे हायेत."

साहेब मोठ्यानं हसले. मी ग्लासांचे झाकलेले नंबर उघडून बघितले. मधलाच होता. साहेबांचं हसू तसंच राहिलं, फक्त ते आता दुसऱ्या प्रकारचं झालं, आणि ते तिच्याकडं वळले. इतकी वर्षं तिकडी उघडली की माणसं माझ्याकडं वळायची. त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते दोन वर्षं थांबलं नाही.

तिच्या शब्दांचा मला सगळ्यात जास्त राग यायचा. मी मुंबईला आठ दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आलेलो. मी व्हॅनिला लिहायचो, सुका मेवा लिहायचो, ओकचं लाकूड लिहायचो. ओकचं झाड मी जन्मात पाहिलेलं नाही. ही लिहायची, तळाला लागलेलं दूध. नव्या माठातलं पहिलं पाणी. गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला करपलेला रस. आणि साहेबांना ते वाचताना मजा यायची. ते माझ्या टेबलाजवळून तिच्या टेबलाकडं जायचे आणि विचारायचे, "आज काय? घोंगडं की माठ?" मी कागदात तोंड घालून बसायचो. तिला सर्दी व्हावी म्हणून मी एकदा प्रयोगशाळेच्या एसीचं तापमान खाली आणून ठेवलं होतं. तिला काही झालं नाही. माझाच घसा दोन दिवस धरला. मी तिला मॅडम म्हणायला लागलो. शिकाऊ पोरीला कुणी मॅडम म्हणत नाही, आणि मी ते कशासाठी म्हणतो हे तिला कळत असणार, पण ती प्रत्येक वेळी "व्हय सर" म्हणून उठायची.

आता माझी दुखरी बाजू. ती येण्याच्या वर्षभर आधी, सगळ्या जगाला आला तो ताप मलाही येऊन गेला. त्यात माझं नाक गेलं. बाकीच्यांचं पंधरा दिवसांत, महिन्यात परत आलं. माझं आलं नाही. एकदा मी स्वयंपाकघरात गॅसपासून चार हातांवर पेपर वाचत बसलो होतो. दूध उतू गेलं, पातेलं करपलं, बायको गच्चीवरून धावत खाली आली, आणि मी पान उलटत होतो. तिनं गॅस बंद केला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "कुणाला सांगू नकोस." तिनं कुणाला सांगितलं नाही. तेव्हा घरोघरी करत होते तशी ओवा, कापूर आणि लवंगांची पुरचुंडी तिनं मला बांधून दिली. मी ती रुमालात गुंडाळून पँटच्या खिशात ठेवायचो. रोज सकाळी बसस्टॉपवर बाजूला जाऊन तिचे चार लांब श्वास घ्यायचो. कपाळात काहीतरी लख्ख व्हायचं आणि वाटायचं, नाक उघडलं. प्रयोगशाळेत असली वस्तू आणणं हा आमच्या धंद्यात गुन्हाच. म्हणून कंपनीत पोचल्यावर आधी साबणानं स्वच्छ हात धुवायचो आणि मगच आत जायचो.

कंपनीत मी सांगितलं होतं, नाक आलं परत. मग मी काम कसं चालवत होतो? रमचा रंग उजेडात धरून बघायचो. ग्लास फिरवला की काचेवरून जे ओघळ उतरतात ते बघायचो. नमुना तपासणाऱ्या यंत्राचा आलेख आधीच नजरेखालून घालायचो. आणि ती मुलगी आल्यावर तिच्या तोंडाकडं बघायचो. वेगळ्या ग्लासापाशी ती जरा जास्त थांबायची. ती जिथं थांबली, तिथं मी खूण करायचो, आणि वर माझे ठेवणीतले शब्द लिहायचो. जिच्यावर जळत होतो तिचंच उत्तर चोरून लिहीत होतो. यातली लाज मला तेव्हा वाटली नाही, ते आत्ता लिहिताना वाटतं आहे.

अशात कंपनीनं नवी रम काढायचं ठरवलं. जास्त वर्षं मुरलेली, कोला न घालता घोट घोट प्यायची. खोक्यात बाटलीबरोबर एक ग्लास द्यायचा आणि ही कशी प्यावी याचा एक कागद. साहेब माझ्याकडं येऊन म्हणाले, "काका, ग्लास तुम्हीच ठरवा. तुमच्याइतकं त्यातलं कुणाला कळतं?" मी चार दिवस हवेत होतो. तिच्या नाकाला काय यायचं ते येवो, कुठल्या ग्लासात ओतायचं ते मी ठरवणार होतो.

चार प्रकारचे ग्लास मागवले. पहिला बारमध्ये असतो तो, सरळ भिंतींचा, जाड बुडाचा. दुसरा मोठ्या पोटाचा, हाताच्या ओंजळीत धरायचा. तिसरा आमचा ट्यूलिप. चौथा एक बसका, आखूड पायाचा, पोट बेताचं आणि तोंड वर बाहेरच्या बाजूला जरासं उघडलेलं. हा चौथा मला बघताक्षणी आवडला नव्हता. चहाचा ग्लास बिघडला तर असा दिसेल, असं मी म्हणालोसुद्धा.

सभेत मी पाऊण तास बोललो. सरळ ग्लासात बर्फ राहतो, वास राहत नाही. मोठ्या पोटाचा ग्लास हातानं तापतो आणि रमच्या आधी त्यातलं स्पिरिट वर चढतं. ट्यूलिपचं तोंड निमुळतं, म्हणून सगळा वास एका जागी गोळा होतो, आणि दांडीमुळं हाताची ऊब लागत नाही. हे सगळं खरं आहे. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. पण मी ट्यूलिपसाठी एवढा हट्टाला पेटलो होतो त्याचं कारण वेगळं होतं. चारी ग्लासांत बिनपाण्याची रम ओतून मी स्वतः नाक घालून बघितलं होतं. बाकीच्या तिन्हींतून मला काही आलं नव्हतं. ट्यूलिपमधून आलं होतं. नाकपुडीत काहीतरी स्पष्ट लागलं होतं, थेट डोळ्यांच्या मागंपर्यंत. त्या दिवशी मी आनंदानं खुर्चीत बसूनच राहिलो होतो. म्हटलं, आहे, अजून आहे.

माझं बोलून झाल्यावर साहेबांनी तिला विचारलं. ती उठून उभी राहिली. "सर, आपण हितं अर्धं पाणी घालून हुंगतो. घरी कोण एवढं मोजून घालणार? लोक तशीच ओतणार. आन् तशी ओतली की या ग्लासात नुसतं झोंबतं. रमचा वास लागायच्या आत नाकात मिरची गेल्यागत होतं."

"आणि तुमच्या मते कुठला, मॅडम?" मी विचारलं.

तिनं बसक्या ग्लासावर हात ठेवला. "हा. झोंबणारं असतंय ते याच्या उघड्या तोंडातून कडंनं निघून जातं. मग खालनं हळूहळू बाकीचं येतं."

साहेबांनी ट्यूलिप उचलला आणि मान झटकन मागं घेतली. मग बसका उचलला. त्यात नाक घालून ते उभेच राहिले, बराच वेळ. "अरे, हे काहीतरी वेगळंच आहे," एवढंच म्हणाले. विक्री खात्याच्या लोकांनी एकेक करून तेच केलं. ट्यूलिपपाशी सगळ्यांनी तोंडं वाकडी केली आणि बसक्यापाशी सगळे थांबले.

मीही बसका हातात घेतला. काही नाही. धुऊन ठेवलेला रिकामा ग्लास हुंगावा तसं. पुन्हा ट्यूलिप घेतला. पुन्हा तेच, डोळ्यांच्या मागं काहीतरी लागलं. आणि तिथं, सगळ्यांच्या देखत, मला कळलं की इतके दिवस मी ज्याला वास समजत होतो ते नुसतं झोंबणं होतं. डोळ्यांना कांदा झोंबतो, त्याला नाक लागत नाही. ते झोंबणं तेवढं माझ्याजवळ उरलं होतं, आणि चारातला तेवढा एक ग्लास ते मला देत होता. ते माझ्याकडून काढून घेऊन ही पोर म्हणत होती, हे नको.

कळल्यावर माणसानं गप्प बसावं. मी बसलो नाही. "मॅडम, जगभर हाच ग्लास वापरतात. जरा पुस्तकं वाचत चला," मी म्हणालो. ती "व्हय सर" म्हणून खाली बसली. साहेब म्हणाले, निर्णय पुढच्या आठवड्यात घेऊ, काका काय ते लिहून देतील.

रविवारी मी दोन्ही ग्लास घरी घेऊन आलो. दुपारी जेवणाआधी दोन्हींत थोडी थोडी रम ओतली आणि बायकोला बोलावलं. तिला दारूचं वावडं, पण माझ्या आग्रहाखातर पदर सावरत तिनं ट्यूलिपवर नाक नेलं आणि मागं सरली. "अगं बाई, डोळ्यांत पाणी आलं." मग बसक्यावर नेलं. पुन्हा नेलं. "याला गुळाच्या पोळीचा वास येतोय की हो," ती म्हणाली, आणि एवढी खूश झाली की तिसऱ्यांदा हुंगायला वाकली. मी दोन्ही ग्लास उचलले आणि ती रम माझ्या स्टीलच्या पेल्यात ओतून घेतली. घरी मी स्टीलच्याच पेल्यात पितो, पहिल्यापासून. लोकांना ग्लासावर व्याख्यानं देणारा माणूस घरी कशात पितो हे कुणी कधी विचारलं नाही. त्या मुलीला आता माझ्या घरातूनही मत पडायला लागलं होतं, आणि जेवताना मी बायकोशी बोललो नाही.

सोमवारी मी ते केलं. अठ्ठावीस वर्षांत मी खोटी तिकडी लावली नव्हती, ती त्या दिवशी लावली. एकाच बाटलीतली रम तिन्ही ग्लासांत ओतली. आमच्या कागदावर तीन चौकोन असतात आणि एकावर खूण करावीच लागते. ती ज्याच्यावर खूण करील ते चूकच ठरणार होतं. तो कागद मी साहेबांपुढं टाकणार होतो, बघा तुमचं घोंगडं. आमच्याकडं ग्लास विसळले की तारेच्या स्टँडवर उलटे वाळवतात, फडका कधी लावत नाहीत, कारण फडक्याचा वास काचेला राहतो. मधल्या ग्लासाच्या काठावर पाण्याचा एक पांढुरका डाग वाळलेला दिसला. दुसरा ग्लास काढायचा तर ती येईल, अशी घाई झाली. मी खिशातून रुमाल काढला आणि डाग पुसून टाकला. तीन ग्लास ओळीनं मांडले, चकत्या ठेवल्या आणि तिला हाक मारली.

तिनं पहिला हुंगला, मग तिसरा, मग मधला. मधला खाली ठेवला. पुन्हा उचलला. खिडकीबाहेर बघितलं. पुन्हा पहिला. एवढा वेळ तिनं कधीच लावला नव्हता. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. शेवटी तिनं मधल्या चौकोनावर खूण केली. मी हात पुढं केला तर ती म्हणाली, "थांबा सर," आणि खाली शेऱ्याच्या जागेत काहीतरी लिहून मग कागद दिला.

लिहिलं होतं, रम तिन्हीत एकच आहे. दुसऱ्या ग्लासाला कापूर आणि ओवा.

"इथं कापूर कुठून येणार?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

ती माझ्याकडं न बघता ग्लासांच्या चकत्या गोळा करत होती. "तुमच्या हाताला असतो की सर. रोजच येतो. आज ग्लासाला लागलाय एवढंच. मला वाटायचं, तुम्हाला सर्दीचा तरास हाय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी रोज हात धुऊन आत यायचो, आणि वास गेला की नाही हे बघायला माझ्याकडं नाक नव्हतं, ही साधी गोष्ट तीन वर्षांत माझ्या डोक्यात आली नव्हती. मी म्हणालो, "कागद राहू दे, मी लावतो फायलीत." ती गेल्यावर तो घडी करून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरचुंडी घरीच ठेवली. बसमध्ये मी एकच विचार करत होतो, ती बोलायच्या आत आपण बोलायचं. साडेनऊला साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसलो आणि तक्रार केली. मुलीला शास्त्रीय शब्द येत नाहीत. ती चाखत नाही. तिला बाटल्या भरायच्या खात्यात पाठवा. साहेब ऐकत होते. त्यांच्या तोंडावर काही उमटेना म्हणून मी पुढं गेलो. मी म्हणालो, "आणि तिच्या अंगाला कापराचा वास असतो. असा माणूस तिकडीला चालत नाही."

हे मी बोललो. माझ्याच तोंडानं बोललो.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "काका," ते म्हणाले, "कापूर तुमचा आहे. आम्हा सगळ्यांना येतो."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी हातानं थांबवलं. "तुम्ही तापातून उठून आलात, त्यानंतर पहिलं वर्षभर एकही नमुना परत गेला नाही. त्याआधी दर महिन्याला जायचे. माझ्याशी भांडून परत पाठवायचे तुम्ही. माल एकाएकी एवढा सुधारला नव्हता. आम्ही यंत्राचं बघून काम भागवलं, आणि नव्या माणसासाठी जाहिरात काढली. ती तुमच्या हाताखाली म्हणून नाही आली, काका. तुमच्या जागी आली. तुमची सही राहू दिली, कारण रिटायर व्हायला तुम्हाला थोडेच दिवस आहेत आणि त्यानं कुणाचं बिघडत नव्हतं."

"मग ग्लास मला का ठरवायला दिलात?" मी विचारलं. एवढ्या सगळ्यात मला तेच विचारावंसं वाटलं.

त्यांनी पेन पुन्हा उचललं. "मला वाटलं, ते हाताचं आणि नजरेचं काम आहे. तुम्हाला जमेल."

"तिला माहीत आहे?"

"मी सांगितलेलं नाही," साहेब म्हणाले. "पण तिला कुणी सांगायची गरज आहे का?"

बाहेर आलो. ग्लासाच्या शिफारशीचा कागद टेबलावर पडला होता. त्यावर बसका असं लिहून मी खाली सही केली. नव्या रमच्या खोक्यात आज तोच ग्लास जातो, आणि लोक त्याची तारीफ करतात असं ऐकतो.

अकराला तिनं तिकडी मांडली, तीन ग्लास तिच्यासमोर आणि तीन माझ्यासमोर. मी समोर बसलो. ओझं उतरल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. जी खुर्ची मी जीव मुठीत धरून राखत होतो, जिच्यासाठी एसी खाली आणला, खोटी तिकडी लावली, खोटा आळ घेतला, ती खुर्ची ही मुलगी दारातून आत यायच्या आधीच तिची झाली होती. मी नुसता त्या खुर्चीवर बसलेलो होतो. ती नेहमीसारखी ग्लास वीतभर लांब धरून खिडकीबाहेर बघत होती. त्या दिवशी मी तिच्या तोंडाकडं बघितलं नाही.

मी पहिला ग्लास उचलला. काही नाही. दुसरा उचलला, मग तिसरा. अर्धं पाणी घातलेली रम धड झोंबतही नव्हती. तिन्ही चौकोन मी कोरे सोडले. खाली लिहिलं, मला वास येत नाही. सही केली आणि कागद तिच्याकडं सरकवला, कारण कागद आता तिनंच गोळा करायचे होते.

तिनं वाचलं. कागद उलटा करून बाजूला ठेवला. मग माझ्यासमोरचा पहिला ग्लास स्वतःच्या हातात घेतला, हुंगला, आणि हळू आवाजात मला सांगायला लागली, "सर, ह्याला आधी गूळ येतोय. मग वल्लं लाकूड. मग लई मागं, बगा, वाळलेल्या संत्र्याची साल हाय." मग दुसरा घेतला. इतका हेवा मला तिचा आधी कधीच वाटला नव्हता. मी तिला थांबवलं नाही. म्हणालो, "तिसरा?"